वसुधाच्या फोटोवरचा डाग

२ फेब्रुवारी
लॅपटॉपची स्क्रीन बिघडली! कालच्या अपडेटनेच घात केला असणार. मधोमध राखाडी डाग, आजूबाजूच्या रेषा वाकड्या. वसुधाचा जुना फोटो स्कॅन करून त्यावरची बुरशी साफ करत होतो. रविवारी तिचं वर्षश्राद्ध, आणि हार घालायला धड फोटो नाही. डाग नेमका तिच्या चेहऱ्यावर.

३ फेब्रुवारी
मुलुंडहून ऋताचा फोन — "बाबा, स्टुडिओत दे ना, तासाभरात करून देतील." नाही देणार. ते सगळ्यांना गोरं करतात. आईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा पुसतील, म्हटलं. या लॅपटॉपवर लिनक्स मी टाकलंय, दुरुस्तही मीच करणार.

वसुधा म्हणायची, "अहो, त्या डब्याचं तेरावं घाला एकदाचं." तेरावं तिचंच झालं. डबा चालू आहे. घरात बोलायला कोणी नाही.

४ फेब्रुवारी
अपडेटआधीच्या जुन्या कर्नलवरून, म्हणजे लिनक्सच्या जुन्या गाभ्यावरून, लॅपटॉप सुरू केला. डाग. ड्रायव्हर बदलला — सगळं काळं, नुसता कर्सर टिमटिमतोय. ड्रायव्हर पूर्ववत केला. डाग. ही वहीही स्वस्तातली, ओळी धड सरळ छापलेल्या नाहीत.

५ फेब्रुवारी
स्क्रीनशॉट काढून ऋताला पाठवला. "एकदम क्लिअर आहे रे बाबा, कुठेय डाग?" म्हणजे चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर ठीक. दोष स्क्रीनमध्ये. एवढ्या जुन्या मॉडेलची स्क्रीन आता कुठे मिळायची?

६ फेब्रुवारी
केबलने टीव्हीला जोडून बघितलं. टीव्हीवरही डाग! म्हणजे स्क्रीन ठीक, दोष कार्डात. काल तर कार्ड ठीक होतं. दोन्ही खरं कसं असेल? इतकी वर्षं लोकांचे कॉम्प्युटर मी दुरुस्त करून दिले, आणि हिचा एक फोटो होत नाही. रडू आलं.

शेवटी अंदाजानेच पुरा केला. बुरशीचे ठिपके तेवढे पुसले. ऋताला पाठवला, छापून आणायला.

७ फेब्रुवारी
ऋता फ्रेम घेऊन दहिसरला आली. कागद सोडला, फोटो बघितला. मग हळूच —
"बाबा, आईचा तीळ कुठे गेला?"
"आहे की."
"नाहीये रे. तू पुसलास."
फ्रेम हातात घेतली. डाग फ्रेमवर होता. मान वर केली. ऋताच्या चेहऱ्यावरही.

८ फेब्रुवारी
वर्षश्राद्ध झालं. ऋताने जुन्या फोटोवरून दुसरा करून आणला, स्टुडिओतून. तीळ जागेवर आहे म्हणाली. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. वसुधाच्या खांद्याकडे बघितलं, की कडेला तिचा चेहरा थोडा दिसतो. सरळ तिच्याकडे बघितलं, की ती जाते.