डुकराने उशीर केला

११ ऑगस्ट
बुड्रोचा पाय गेला. हेलिकॉप्टरमध्ये चढवताना वेडा हसत होता — "क्राउझ, माझ्या वाटणीचे पीच तू खा रे!"

दरीत सापडलो होतो, समोरच्या कड्यावरून गोळीबार. विमानाने मारा कुठे करायचा ते सांगणं माझं काम. कड्याच्या जागेचे आकडे रेडिओवर दिले. वर मेजर हॉलिस, तिचं डुक्कर घेऊन — ते विमान आमच्या लेखी डुक्करच. ती म्हणे, "पुन्हा सांग." सांगितले. "पुन्हा!" मी भडकलो — "बाईसाहेब, घाबरलात का? इथे माणसं मरताहेत!" आमची पोरं तशातही हसली. शेवटी ती ढगाखाली उतरली, डोळ्यांनी पाहिलं आणि समोरच्या कड्यावर तोफ चालवली. सगळं थंड. पण तोवर बुड्रो पडला होता.

१२ ऑगस्ट
जागेचे आकडे दाखवणारं यंत्र पुसायला घेतलं. कालचे आकडे त्यात तसेच. कड्याचे नाहीत — आमचेच! ऐन गोळीबारात मी बॅटरी बदलली. बॅटरी बदलली की यंत्र आधी आपलीच जागा दाखवतं, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मी तीच वाचत बसलो. आणि वर तिलाच भित्री म्हणालो!

तिने माझं ऐकलं असतं तर एकही जण उरला नसता. शरमेने मेल्यासारखं झालंय.

१४ ऑगस्ट
आमच्या तुकडीच्या कॅप्टन प्रुइटने तिच्याविरुद्ध तक्रार केली. "तिच्या भित्रेपणापायी पोराचा पाय गेला. आता तिचं उडणंच बंद करतो बघ! तू साक्षीला." मी मान डोलावली. डोलावली मी!

१५ ऑगस्ट
गप्पच. थू माझ्यावर.

१७ ऑगस्ट
चौकशी. हॉलिस बुटकी, चाळिशीची, नखं कुरतडणारी. उशीर का झाला? "ढग होते. आकडे नीट ऐकू आले नाहीत." एवढंच बोलली. मला राहवेना. उठलो आणि सगळं ओकून टाकलं. प्रुइटचं तोंड एवढंसं झालं. मागे बसलेली आमची पोरं माझ्याकडे बघेनात.

बाहेर वाटलं, ती निदान हात तरी मिळवेल. उलट खवळलीच — "कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? आकडे तुमचेच आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. माझं उडणं बंद झालं असतं तर मी घरी गेले असते. तुझ्या पोरांना उद्याही त्याच दरीत जायचंय — तुझ्या भरवशावर!"

१८ ऑगस्ट
गस्त. मी रेडिओ उचलला. कॉर्पोरल टीगने हात पुढे केला — "सार्जंट, तो माझ्याकडे द्या." किती अदबीने म्हणाला!

दिला.