मुलाकडच्यांनी चढायचा जिना

आप्पा, डच लोकांच्या जिन्यांविषयी माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि जिवंत माणसांपैकी कोणी ती ऐकून घ्यायला तयार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. या देशात जमीन इतकी सपाट की चढ औषधालाही सापडत नाही. ती सगळी कसर यांनी घरातल्या जिन्यांत भरून काढली आहे. जिना कसला, भिंतीला टेकवलेली शिडीच. पायरीवर अर्धं पाऊल मावतं, उरलेलं अर्धं ईश्वराधीन. अशा जिन्यावरून गेल्या रविवारी मी आम्स्टरडॅममधल्या एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. माझ्या हातात मसालेभाताचं पातेलं, मागे पुरणपोळ्यांचा डबा घेऊन तुमची सून, आणि तिच्यामागे, आम्ही पडलो तर झेलायला की बाजूला व्हायला कोण जाणे, तुमचा नातू. वर ऐंशीच्या पुढची एक बाई कठड्यावर वाकून आमची प्रगती पाहत होती. ती म्हणाली, "सावकाश या. आमच्या गावात या कामाला आलेल्या माणसाला घाई नसते."

काम म्हणजे मागणी घालण्याचं. मुलगी तुमच्या नातवाबरोबर एनस्खेडेला शिकली. दोघांचा विषय एकच, समुद्राला किनाऱ्यावर थोपवून कसं धरायचं. तिची आई बरीच वर्षं आम्स्टरडॅममध्ये, वडील जहाजावर इंजिनीअर, आणि मूळ गाव फिलिपिन्समधल्या एका बेटाच्या कडेला, नारळ, भात आणि मासे एवढ्यावर जगणारं. लग्न होणार ते त्या गावात, आणि लग्नानंतर दोघं राहणार तेही तिथेच, कायमचे. मुलीला तिथल्या नगरपालिकेत किनाऱ्याचं काम मिळालं आहे. मी नातवाला म्हटलं, अरे, समुद्र अडवायचाच तर याहून योग्य देश कुठला? तर म्हणतो, "बाबा, इथं ऑलरेडी सगळं बांधून झालंय." तुम्ही गेलात तेव्हा रांगत होता. आता मराठी एवढंच बोलतो, पण बोलतो ते नेमकं. तर त्या गावची रीत अशी की मुलाच्या आईबापांनी स्वयंपाक करायचा, तो घेऊन मुलीच्या घरी जायचं, जिना चढायचा आणि मुलगी मागायची. तिकडची जुनी घरं खांबांवर उभी असतात, म्हणून जिना. मुलं एकमेकांना कितीही पसंत असोत, हे झाल्याशिवाय लग्न ठरलं असं कोणी म्हणत नाही. हो किंवा नाही म्हणायला मुलीची आजी खास तिकडून आली होती, तीच ती कठड्यावरची. तिला सगळे लोला म्हणतात, म्हणजे आजीच. थोडक्यात आप्पा, आपण मुलाकडचे असूनही पातेलं आपल्या हातात. तुम्ही शिकवलेल्या सोळा संस्कारांत याची सोय नाही, मी आठवून पाहिलं.

जिन्याच्या वळणावर दम खायला थांबलो तेव्हा मला कऱ्हाड आठवलं. ताईच्या स्थळासाठी आपण दोघं मिरजेहून गेलो होतो. मी कॉलेजात होतो, अंगात नुकतंच संस्कृत शिरलेलं, भेटेल त्याच्या उच्चारांची परीक्षा घेत फिरत होतो. मुलाचे वडील आंघोळीला गेलेत असं सांगून आपल्याला बाहेरच्या खोलीत बसवलं आहे. तुम्ही नारळाची पिशवी मांडीवर धरून बसला आहात, खाली ठेवलेली बरी दिसेल की नाही हे न कळून. आंघोळ कसली, एखाद्याचं पूर्ण तीर्थाटन झालं असतं. शेवटी ते आले, सुपारी कातरत बसले, आणि आपली विद्वत्ता दाखवायला एक श्लोक म्हणाले. त्यातले दोन शब्द जागीच ठार झाले. मिरजेतले भटजी तुमच्यासमोर मंत्र म्हणायला बिचकायचे, आणि तुम्ही तिथे मान डोलावून म्हणालात, "वा." मला राहवलं नाही, मी दुरुस्ती केली. स्थळ गेलं. परतीच्या एसटीत इस्लामपूर आलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मागायला गेलेल्या माणसाला बरोबर असून चालत नाही, एवढं लक्षात ठेव." ताईला पुढे याहून फार चांगलं घर मिळालं, त्यामुळे माझं संस्कृत तेव्हा सत्कारणीच लागलं असं मी आजही मानतो. पण वाक्य लक्षात राहिलं.

लोला गावच्या शाळेत शिक्षिका होती. तिकडे अमेरिकनांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी शाळा इंग्रजीत काढल्या, म्हणून तिचं इंग्रजी कवायतीला उभं राहिल्यासारखं ताठ. आम्ही टेकलो न टेकलो तोच तिने माझ्या पहिल्याच वाक्यातलं क्रियापद दुरुस्त केलं. तुमची सून श्वास रोखून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "थँक यू, मॅडम." तुमची एसटी पोचली, आप्पा, जरा उशिराने.

मग लोला म्हणाली, "आमची मुलगी मागायची तर आधी आमचं गाव ऐका." आणि तिने ते वर्गात सांगतात तसं सांगितलं, हात मांडीवर ठेवून. पूर्वी समुद्रावरून चाचे यायचे, माणसं धरून न्यायचे. म्हणून चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या, पुरुषभर जाड, आणि घंटेचा मनोरा टेहळणीचा. घंटा वाजली की सगळं गाव डोंगरात. पुढे एका स्पॅनिश गव्हर्नराला वाटलं की या लोकांना धड आडनावं नाहीत, तेव्हा त्याने गावोगाव आडनावं वाटली. या गावाच्या वाट्याला एकच अक्षर आलं, आणि अजून तिथे बहुतेक सगळ्यांचं आडनाव त्याच अक्षराने सुरू होतं. "हजेरी घ्यायला सोपं गेलं असेल," मी म्हणालो. "फार वाईट," लोला म्हणाली. "प्रत्येक मुलाला वाटतं, आता आपलाच नंबर." जपानी सैन्य आलं तेव्हा घंटा वितळवून नेतील म्हणून लोकांनी ती भाताच्या शेतात पुरली. लढाई संपल्यावर ती कोणाच्या शेतात होती यावरून दोन घरांत भांडण लागलं. "मग घंटा सापडली का?" तुमच्या सुनेने विचारलं. "घंटा लगेच सापडली. भांडण अजून चालू आहे."

मग आमची पाळी. मी आल्मेरेबद्दल सांगितलं, की आमचं घर आहे तिथे माझ्या जन्माच्या थोडं आधीपर्यंत पाणी होतं, ते उपसून काढलं, गाव वयाने माझ्याहून लहान आहे. "म्हणजे तुमच्या गावाला इतिहास नाही," लोला म्हणाली. "आहे, पण माझ्याइतकाच," मी म्हणालो, "आणि तो विशेष नाही." ती पहिल्यांदा हसली. मग विचारलं, "तुमचे वडील कुठे पुरलेत?" मी म्हटलं, पुरत नाही आम्ही, दहन करतो. अस्थी कृष्णेत सोडल्या. तिने मसालेभातातला चमचा खाली ठेवला. त्यांच्याकडे वर्षातून एकदा सगळं गाव दफनभूमीत जेवायला जातं. मेणबत्त्या, भात, पत्ते, पोरांची धावाधाव, आणि ज्याच्या त्याच्या माणसाशी गप्पा. "मग नातवाचं लग्न ठरलं हे तुम्ही त्यांना कुठे जाऊन सांगणार?" इतकी वर्षं मला वाटत होतं की या बाबतीत आपल्याकडे उत्तरं तयार असतात. तर हे पत्र त्या बाईच्या प्रश्नामुळे.

पुरणपोळी तिने आधी उलगडून पाहिली. "डाळ गोड करता?" मी हो म्हटलं. "आम्ही पण करतो, मुगाची," असं म्हणून तिने आणखी एक घेतली, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीच्या आईला म्हणाली, "उभी काय राहिलीस, तुझ्या बलाएंना वाढ." बलाए म्हणजे व्याही, आप्पा. इंग्रजीत या नात्याला शब्द नाही, डचमध्ये नाही, त्यांच्याकडे आहे. माझा ऊर भरून आला, आणि पानात भाज्या घातलेल्या शेवया. तुमची सून माझ्या कानाशी लागली. "हो म्हणाल्या का त्या?" "वाढायला सांगितलं." "म्हणजे काय?" "म्हणजे हो." "नक्की ना? तुम्ही आपलं काहीही लावता." नातवाने डोळे पुसले आणि मिरचीवर ढकललं. शेवयांत मिरची नव्हती.

निघताना जिन्याच्या तोंडाशी मी लोलाला एकच विचारलं, वादळ येतं तेव्हा काय करता? कारण त्या किनाऱ्यावर वादळं दरवर्षी येतात, हे नातवानेच मला समजावून सांगितलं होतं, आपला विषय म्हणून, उत्साहाने. ती म्हणाली, "चर्चमध्ये जातो. भिंती टिकतात." "आणि छप्पर?" "छप्पर जातं. मग सगळे मिळून नवं घालतो." आल्मेरेत शेजारीण मला कचऱ्याची गाडी कधी येते ते सांगते, तसा आवाज. मुलगी म्हणाली, "अंकल, नंतर काही दिवस फोन लागत नाहीत, तेवढं मात्र आहे. घाबरू नका." मी म्हणालो, छे, घाबरायचं काय त्यात.

मुलगी लाखात एक आहे, आप्पा. गाव मला आवडलं. नातू करतोय ते योग्यच करतोय, आणि हे मी कोणाचं मन राखायला म्हणत नाही. घरी, फोनवर, ताईला, सगळ्यांना मी हेच ठणकावून सांगतो. पण आम्स्टरडॅमला स्लोटरडाइकच्या माझ्या ऑफिसात कॉफी घेताना मी हल्ली त्या समुद्राचं हवामान बघतो, आणि कोणी जवळ आलं की बंद करतो. हे पत्र टाकायला पेटी नाही, कृष्णा लांब आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. मला त्या फोन न लागणाऱ्या दिवसांची भीती वाटते. त्या दिवसांत माझा मुलगा आहे की नाही हे मला कळणार नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, तुमच्या सुनेलाही नाही.