सरेसचा डबा

४ जानेवारी
शाळेत वर्षाच्या शेवटच्या दिवशी सिस्टर आम्हाला बाकं घासायला लावायच्या. मी आणि हेमा आमच्या बाकावरची शाई ब्लेडने खरवडायचो, खोबरेल चोळायचो आणि स्कर्टच्या घेराने पुसायचो. मग खांद्याला खांदा लावून त्याच बाकावर डबा खायचो. हेमा म्हणायची, क्लेमेंटिना, तू सुताराशीच लग्न कर बाई! केलं बँकेतल्या नॉर्मनशी. तो गेला, आणि आता साठी उलटल्यावर मी कोलशेतला हा गाळा भाड्याने घेतला आहे. मागे राहायचं, पुढे जुनं फर्निचर पॉलिश करायचं, रविवारी हेमाबरोबर डोंबिवलीच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा. खाडीचा वारा येतो. नव्या शेगडीवर चहा केला. फार बरं वाटतंय.

८ जानेवारी
शीळफाट्याला भगवान भंगारवाल्याकडे सागवानी आरामखुर्ची मिळाली. हात लावून बघा ना मावशी, म्हणाला, सावलीत ठेवली तरी कशी गरम! खाली तारेने सरेसचा डबा बांधलेला होता, तो फुकट. सरेस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला डिंक. हल्ली कोण वापरतं? मी हौसेने शिजवला. पाया सूपसारखा वास सुटला, वर साय धरली. सायीत एक लांब केस होता, तो काढून टाकला. खुर्चीचाच भुसा त्यात कालवून भेगा भरल्या. पटाशीची धार लागून अंगठा चिरला, तेव्हा जुने सुतार करायचे तसा तोच लगदा चिरेत दाबला. रक्त लगेच थांबलं. हेमा फोनवर ओरडली, सुतारीणबाई, आधी इंजेक्शन घे!

१२ जानेवारी
पॉलिशपेपर मारला. भुसा पडत नाही. टाचेच्या मेलेल्या कातडीसारखे पांढरे पापुद्रे पडतात, ओलसर. पॉलिश वाळत नाही. चाटून पाहिलं तर खारट, घामासारखं. तीनदा दात घासले.
अंगठ्याची खपली निघाली. खाली सागाच्या रेषा आहेत. सुई टोचली. काहीच नाही.

१५ जानेवारी
खुर्चीच्या हातांवर लव आली आहे. ब्लेडने काढली, तर लाकडावर शहारे आले. भरलेल्या भेगांतून पिवळं पाणी गळतंय, त्याला माश्या लागल्या आहेत. मला उलटी झाली. उलटीत भुसा.

१७ जानेवारी
हेमाला खुर्ची हवी आहे. कंबर धरते म्हणे, स्टॉलवर नकोच, मीच नेते. नाही म्हणाले. ती फुगली. शाळेत डब्यातला केकही अशीच लपवायचीस, म्हणाली. तिला कसं सांगू? काहीही झालं तरी तिला यावर बसू द्यायचं नाही.
जाळायची ठरवली. आधी खुर्चीची एक ढलपी काढून पेटवून पाहिली. किंचाळले मी. दंड भाजला माझा. गाळाभर मटण भाजल्याचा वास—
आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शी.

१९ जानेवारी
उजवा हात कोपरापर्यंत लाकूड झाला. डाव्याने लिहिते आहे. खुर्चीवर बसलं की ठणका थांबतो. उठताना पाठ सोलवटते— चिकट— ती श्वास घेते, किंवा मीच—
हेमा उद्या येणार. मी तिचा फोन उचलत नाही.

२० जानेवारी
उठता येत नाही.
निकोलला, माझ्या भाचीला, रोझरी आणि नॉर्मनचं घड्याळ. पटाश्या, ब्रश भगवानला. डबा झाकण न उघडता खाडीत. खुर्ची कोणालाही नाही. जाळूही नका. हेमाला तर मुळीच—
बेल वाजली. तीच. हाक मारते आहे, अगं क्लेमे, दार उघडंच टाकलंस?
तिच्या हाताला खोबरेलाचा वास असेल—
खोडते वरचं. खुर्ची हेमाला. हेमालाच. गादी घालू नकोस गं. अंगाला अंग लागू दे. खांद्याला खांदा, आपल्या बाकावर बसायचो तसं, दोघी—