आईचं वकीलपत्र

बाई, आज तुमची आठवण आली ती रागाने आली, हे आधीच सांगते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता रागावण्यात काही अर्थ नाही. पण दुपारपासून दमून बसले आहे, आणि हक्काने रागवावं अशी माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

पहाडगंजच्या आपल्या मराठी शाळेत, दहावीच्या वर्गात, तुम्ही ती कादंबरी आणलीत. परदेशातली, जुनी, जगभर नावाजलेली. घरच्यांशी भांडून निघून गेलेल्या एका सोळा वर्षांच्या पोराची. आमचं इंग्रजी यथातथाच, म्हणून तुम्ही पुस्तक हातात धरून थेट मराठीतच वाचून दाखवायचात. आणि मग वकील नेमायचात. पुस्तकातल्या प्रत्येक माणसाला वर्गातला एक वकील. त्याने आपल्या पक्षकाराची बाजू मांडायची, त्याला नावं ठेवायची नाहीत. पोराचं वकीलपत्र घ्यायला अख्खा वर्ग हात वर करून बसलेला. मलाही तोच हवा होता. बाबांची नागपूरहून बदली झाली आणि मला मैत्रिणींमधून उपटून दिल्लीत आणलं, म्हणून मी आईशी बोलणं टाकलं होतं. त्या पोराचं दुःख माझ्याइतकं कुणाला कळणार? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तू आई घे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती आई पुस्तकात जेमतेम दोनदा येते. एकदा ताट झाकून ठेवते, एकदा खिडकीशी उभी असते, बस.

"बाई, ती काहीच करत नाही," मी म्हटलं.

"पोरगा गावभर हिंडतो तेव्हा ती कुठे असते?"

"घरी."

"मग जा तिच्या घरी. जेवलीस का, विचारून ये तिला."

वर्ग हसला. मी धुमसत घरी गेले. सरोजिनी नगरच्या क्वार्टरचा जिना चढून दाराशी पोचते, तर बेलवर बोट टेकायच्या आत दार उघडतं. रोजच उघडायचं, आणि आपल्यावर पाळत ठेवलीय असं वाटून रोजच माझा संताप व्हायचा. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, की आईच्या बोटांना कणीक लागली आहे आणि कडीलाही. कणीक मळता मळता ती जिन्यातली माझी पावलं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या आईची बाजू मांडली. काय बोलले ते आठवत नाही, मध्येच रडू आलं एवढं आठवतं. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. "बस खाली, पाणी पी," म्हणालात. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आईला म्हटलं, "भूक लागलीय." कितीतरी दिवसांनी मी तिच्याशी बोलले होते.

आता मी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहते आणि माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. जिवलग दोस्ताशी बिनसलंय, बापाशी शब्द नाही, कोचिंग सोडलंय, खोलीला आतून कडी. काही विचारलं की "मम्मी यार, प्लीज." घरातच आहे, पण मला तो परत हवा आहे, बाई. कसा आणायचा ते कळत नाही, आणि ऑफिस करून आल्यावर विचार करायचंही त्राण राहत नाही.

त्याच्या शाळेने त्याला तीच कादंबरी लावली आहे. त्या पोराचं कुणाशी कसं नातं, यावर प्रोजेक्ट. आज रविवार, दुपारी जेवताना तो आपणहून सांगायला लागला. बाप कसा, दोस्त कसा, ती मुलगी कशी. मी वरण वाढायचं विसरून ऐकत राहिले. मग न राहवून विचारलं, "आणि त्याची आई?"

"मदर का तो कोई रोल ही नहीं है, मम्मी. दो बार आती है बस. मी स्किप केली."

माझ्याकडे सगळं तयार होतं, बाई. ताट, खिडकी, कणीक लागलेली कडी. तोंड उघडलं आणि एकदम थकून गेले. आता पक्षकार मीच. स्वतःचं वकीलपत्र स्वतः कसं घ्यायचं, हे तुम्ही शिकवलंच नाहीत. राग आला तो याचाच. "थोडा भात घे," एवढंच म्हटलं. तो उठला आणि फोन घरीच टाकून बाहेर गेला.

हे लिहिताना आत्ता मध्ये थांबले होते. जिन्यात त्याची पावलं वाजली. मी दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि उघडलं नाही. या वयात किती संताप येतो ते मला ठाऊक आहे. बेल वाजू दिली. पुन्हा वाजू दिली. मग उघडलं.

"इतना टाइम? सो रही थी क्या?"

"हो रे, डोळा लागला होता."

तो खोलीत गेला. आज कडीचा आवाज आला नाही, कदाचित विसरला असेल. हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून ठेवून देईन. फक्त तुम्हाला म्हणून सांगते, बाई, मी दुपारपासून दारालगतच्या खुर्चीवरच बसले आहे.