खळ्याच्या मागे राहिलेलं स्वयंपाकघर

बाबा,

तुमचं खळं, घरापुढचं ते सारवलेलं अंगण, मी फोडलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा तुम्हाला जाऊन वर्ष झालं होतं, वर्षश्राद्धाची पानं उठली, आणि त्याच आठवड्यात मी पहारी घेतलेली माणसं अंगणात आणून उभी केली. धाकटा दारात येऊन म्हणाला, "ताई, नको ना गं. बाबांची आठवण आहे ती." मी म्हटलं, "म्हणूनच." हे तुम्हाला तिकडे कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. सांगताना मला बरं वाटतंय, हेही लपवत नाही.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी तुम्ही प्लॉट घेतलात तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. तोवर आपली घाटकोपरच्या चाळीतली एक खोली, तिच्या कोपऱ्यात आईचा स्टोव्ह, आणि त्या कोपऱ्याला खिडकी नाही. प्लॉट बघायला गेलो त्या दिवशी आईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, तर तो कलंडून घरंगळत गेला. मागे डोंगर, पुढे रस्ता, मधे सगळी उतरती जमीन. तुम्ही हसलात, आईही हसली. मग परत येताना वाटेत ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "माका एक खिडकी व्हयी गो. कोण येता, कोण जाता, ता दिसाक व्हया." तिने आयुष्यात मागितलेली ही एकच वस्तू मला आठवते. साडीसुद्धा तिने कधी स्वतःहून मागितली नाही.

मी तेव्हा अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंग करत होते. उतारावरची घरं कशी बसवतात हे मला कागदावर का होईना, कळायला लागलं होतं. मी आपल्या घराचा नकाशा काढला. उताराशी भांडायचं नाही, घरानेच पायऱ्यांसारखं तीन टप्प्यांत खाली उतरायचं. सगळ्यात खालच्या टप्प्यात, रस्त्याच्या बाजूला, आग्नेयेच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर, आणि ओट्यासमोर पूर्वेची रुंद खिडकी. आई त्या कागदावर बोट ठेवून विचारायची, "आणि मी खंय उबी ऱ्हवतलंय?" मी जागा दाखवायचे. तिने ती जागा इतक्या वेळा विचारली की तिथला कागद तेलकट झाला.

आखणीच्या रविवारी आपण सगळे प्लॉटवर गेलो. मिस्त्री खुंट्या आणि दोरी घेऊन आला होता. चुन्याच्या फक्कीचं घमेलं तुम्ही स्वतःच्या हातात घेतलंत आणि घराआधी खळं आखायला लागलात. रस्त्याच्या बाजूने, माझ्या स्वयंपाकघरावरून, पांढरी रेघ सरळ ओढत नेलीत.

"पयला खळा," तुम्ही म्हणालात. "मगे घर."

"आणि स्वयंपाकघर?"

"ता मागे."

"मागे डोंगर कापावा लागेल, बाबा. पावसात भिंतीतून पाणी झिरपेल. उजेड येणार नाही तिथे."

"माज्या चेडवाचा लगीन ह्या खळ्यात होतला," तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात. "गावची माणसां येतली, बसतली. त्यांच्या नाकात फोडणी घालू?"

मी नकाशा उघडून दाखवायला लागले. तुम्ही तो घेतलात, पाहिला नाहीत, आणि मिस्त्रीसमोर म्हणालात, "तू कागद गिरवतंस. घर बांदूचा माका शिकवू नको." मिस्त्री उगाचच दोरीची गाठ सोडवत बसला. दुपारी आईने डबा उघडला तेव्हा जमीन ओली होती, पँट मळेल म्हणून तुम्ही माझा नकाशा खाली पसरलात आणि त्यावर बसून जेवलात. बोंबलाची चटणी छान झालीय म्हणालात. आईने मान खाली घालून तुम्हाला वाढलं आणि मला वाढताना माझ्याकडे पाहिलंच नाही.

तुम्ही खळ्यासाठी का पेटला होतात, ते मला ठाऊक आहे. गावचं खळं थोरल्या काकांचं. तिथे लग्नाचा मांडव घातला की पाहुण्यांचं स्वागत करायला ते पुढे, आणि तुम्ही मुंबईहून आलेले, मागच्या पडवीत भांडी मोजणारे. तुम्हाला एकदा तरी स्वतःच्या खळ्यात पुढे उभं राहायचं होतं. कळतं मला. पण मागच्या अंगाला ढकललं की माणसाला काय वाटतं हे ज्याला ठाऊक, त्यानेच बायकोला मागे ढकलावं, म्हणून तर माझा राग जास्त आहे.

गावात खळ्याला काय लागतं? सपाट जांभ्यावर चोपण मारलं, सारवलं, झालं. तुम्ही ते मुलुंडच्या उतारावर करायला निघालात. दगडी बांध घातलात, त्यात भराव टाकलात, गावाहून एसटीच्या टपावरून जांभ्याचा एक चिरा आणलात आणि नारळ फोडून तो चिरा खळ्याच्या मधोमध पुरलात. घराला उरली ती मागची पट्टी. स्वयंपाकघर डोंगराच्या पोटात गेलं. खिडकी ठेवलीत, नाही असं नाही. ती उघडली की हातभर अंतरावर कापलेला डोंगर दिसायचा.

त्या स्वयंपाकघरात तुम्ही किती वेळा पाय ठेवलात, बाबा? पावसाळ्यात भिंत पाझरायची. आई भिंतीच्या कडेला गोणपाटं अंथरायची आणि ती पिळून पिळून परत घालायची. मिठाचं पाणी व्हायचं म्हणून बरणी बाहेरच्या खोलीत, काड्यापेटी तिच्या कमरेला. भर दुपारी दिवा लावून ती तांदूळ निवडायची. खोकला लागला तो हटला नाही. आणि संध्याकाळी तुम्ही खळ्यात खुर्ची टाकून, वारा खात, रस्त्याने जाणाऱ्यांचे नमस्कार घेत हाक मारायचात, "गो, चाय!" ती सगळं घर ओलांडून कप घेऊन यायची, कप ठेवायची आणि परत आत जायची. तिला बसायला दुसरी खुर्ची तुम्ही कधी मांडली नाहीत. त्या खळ्यात ती सारवायला तेवढी बसायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी तुमच्यापुढे एक सौदा ठेवला होता, आठवतो? खळ्याचा आग्नेयेचा कोपरा आईला द्या, तिथे ओटा आणि खिडकी काढा, उरलेल्या खळ्यात मी बोहल्यावर उभी राहते. तुम्ही म्हणालात, "खळ्याक कोपरो पडलो की ता खळा ऱ्हवना नाय." मग मीही हट्टाला पेटले. मी रजिस्टर लग्न केलं. तुम्ही गावी आमंत्रणं धाडून बसला होतात, ती तुम्हाला फिरवावी लागली. सह्या करून आम्ही पाया पडायला आलो तर तुम्ही त्या ताज्या सारवलेल्या खळ्यात एकटे बसला होतात, इस्त्रीचा सदरा घालून. मला तुमची दया यायला हवी होती. आली नाही. धाकट्याच्या सासरच्यांनी नाहूरला हॉल घेतला, म्हणजे तुमच्या खळ्यात शेवटपर्यंत एकही लग्न लागलं नाही. ते मला आजही गोड लागतं.

तुम्ही गेल्यावर मी ते फोडलं. माणसं भराव उपसत होती आणि आई आतल्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. चिरा निघाला तेव्हा मिस्त्रीने विचारलं, "ताई, ह्याचं काय? देवाचा दिसतो." मी तो नव्या स्वयंपाकघराच्या मोरीत बसवून घेतला, खरकटी भांडी घासायला. आई म्हणाली, "असा करू नये गो." मी केलं. आग्नेयेला ओटा, पूर्वेला रुंद खिडकी, जुन्या नकाशात होती तशीच.

पुढे मी स्वतःचं ऑफिस काढलं. उतारावर घर बांधायचं म्हणून कुणी आलं की मी आधी विचारते, घरात स्वयंपाक कोण करतं? त्यांना घेऊन या, मग बोलू. पुरुष हसतात, काही चिडतात. एकजण म्हणाला, "बाई, पैसे मी देणार आहे." मी त्याला दरवाजा दाखवला. त्या वेळी माझ्यासमोर तो नव्हता, तुम्ही होतात. असं तुम्हाला मी पुष्कळदा बाहेर काढलंय.

पण एका गोष्टीत तुम्ही जिंकलात. नवं स्वयंपाकघर झालं, पहिल्या दिवशी मी आईला ओट्याशी नेऊन उभं केलं. सकाळ होती. खालचा रस्ता, दूधवाला, शाळेची पोरं, सगळं दिसत होतं. दुसऱ्या आठवड्यात गेले तर शेगडी तिथे नव्हती. तिने धाकट्याकडून ती समोरच्या भिंतीपाशी हलवून घेतली होती आणि खिडकीकडे पाठ करून ती भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "आई, अगं खिडकी तिकडे आहे." ती वळली नाही. म्हणाली, "उजेड डोळ्यांत येता गो." ती गेली तोवर तशीच भिंतीकडे बघत रांधत राहिली. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. खळं फोडता आलं, हे नाही फोडता आलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे खोटं लिहून उपयोग नाही. माझ्या घरात तीन बाजूंनी खिडक्या आहेत, सगळ्या मी हट्टाने काढलेल्या. लोक येतात, वाखाणतात. आणि आत्ता हे लिहिताना मान वर केली तेव्हा ध्यानात आलं की समोर भिंत आहे. टेबल मीच असं लावून घेतलंय, कितीतरी वर्षांपूर्वी. दुपारचं ऊन पाठीवर येतंय, आणि मला वळून बसवत नाही.