ओटा बाहेर, कडी आतून

पप्पा, आपल्या ट्रेलरला नवा पत्रा मारून झाला! सगळे रिव्हेट मी स्वतः मारलेत. हात असे भरून आलेत की पेन धरवत नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. तुम्ही असतात तर पाठीवर थाप मारून लगेच म्हणाला असतात, "ती तिसरी लाइन वाकडी गेलीय." गेलीय, पप्पा. राहू द्या.

मी डिप्लोमाला होते तेव्हाची गोष्ट. आई मावशीकडच्या लग्नाहून आली, पिशवी टाकली आणि म्हणाली, "कुठंही जा, ओटा काही सुटत नाही. मला परत कुठं चल म्हणू नका." आई म्हणाली म्हणजे विषय संपला. तुमचा मात्र तिथून सुरू झाला! पुढच्याच रविवारी तुम्ही मला द्वारका चौकापलीकडच्या भंगारवाल्याकडे नेलंत आणि मोडीतल्या जीपचा ॲक्सल उचललात. "तुझ्या आईला फिरायला न्यायचंय," एवढंच. मग काय विचारता! लोखंडी अँगलची चौकट, त्यावर प्लायवूड, वरून पत्रा. बाजूच्या फळीचा आकार मी काढला, खिळ्याला सुतळी आणि सुतळीला खडू बांधून. पुढे गोल, मागे उतरता, आडव्या थेंबासारखा. आत आईला आणि मला, दोघींना पाय पसरता येतील एवढा बिछाना, आणि मागचं झाकण वर उचललं की ओटा. शेजारचे एसटीडी बूथवाले काका रोज भिंतीवरून डोकावतात, "काय साहेब, कोंबड्या पाळताय का?" आणि तुम्ही तोंडात स्क्रू धरून हसता. त्या ओट्यावर तर तुमचा काय जीव! मिसळणाच्या डब्याला खण, लाटण्याला खोबण, शेगडीला वारा लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा. आईला यातलं काहीच दाखवायचं नव्हतं, सगळ्यावर ताडपत्री.

ती यायला तयार होईना. "एकच रात्र, आणि कुणाच्याही घरी नाही," असं तुम्ही म्हणालात तेव्हा कुठं जीपमध्ये बसली. सुरगाण्याच्या वाटेवर घाटात जीप धापा टाकतेय, आणि मी सारखी मागे वळून बघतेय, ट्रेलर आहे ना अजून? आहे! एका आजोबांनी आपल्या मोकळ्या वावरात उभं राहायला दिलं. "जागा लय हाय," ते म्हणाले, "पण ह्याच्यात माणूस मावतो का?"

ऊन उतरलं होतं. तुम्ही झाकण उचललंत. "बघ! सगळं हाताशी. खास तुझा ओटा!" आई डबा बघते, लाटणं बघते, शेगडी बघते. मला वाटलं, आता डोळ्यात पाणी येणार. "अहो," ती म्हणाली, "ओट्याला कंटाळले म्हणून मला कुठं जायचं नव्हतं. तुम्ही तोच मागे बांधून आणलात?"

तुमचा चेहरा, पप्पा! इतके महिने आपण दोघं खपलो आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आता परत घरी. आईने चपला काढल्या, आत चढली, आडवी झाली आणि आतून कडी लावून घेतली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे. मग तुम्ही बाह्या सारून बेसन शोधायला लागलात. आतून हुकूम सुटला, "कांदा बारीक!" मग, "मीठ विसराल!" आणि मग हसणं, अगं बाई, असं हसताना घरात मी तिला कधी ऐकलं नव्हतं. पीठ तुम्ही एकदम ओतलंत, पिठल्यात ह्या एवढ्या गुठळ्या. ताट खिडकीतून आत दिलं. तिने चाटूनपुसून परत दिलं आणि म्हणाली, "उद्याही राहू या."

तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं तिने त्या ताडपत्रीला हात लावू दिला नाही. मागच्या महिन्यात आपणहून म्हणाली, "ते खुराडं चालतंय का बघ." उद्या निघतोय, पप्पा! ती आत, मी बाहेर.

हे कुठं पाठवणार, घडी करून फाडून टाकीन. फक्त एक सांगायचंय. मला पिठलं छान जमतं, एकही गुठळी होत नाही. काल आईला तसं करून वाढलं तर दोन घास खाऊन तिने ताट बाजूला सारलं. उद्या पीठ एकदम ओतणार आहे, तुम्ही ओतलं होतंत तसं.