क्लचवरचा उघडा पाय

आप्पा, डॉक्टरांची लाल गाडी आज गेली. तीच, दोन माणसांची, जिच्यात तुम्ही दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवलं होतं आणि गिअरबॉक्स मात्र मूळचाच ठेवला होता. चार दिवसांपूर्वी ती शुक्रवार पेठेतल्या आपल्या बोळात वळली तेव्हा मी शेंगाचटणी-भाकरी खात होते. आवाजावरूनच ओळखली. घास हातातच राहिला. दुपारच्या त्या पांढऱ्या उन्हात सगळं कसं थांबल्यासारखं झालं, आणि वाटलं, आता तुम्ही आतून याल, दारात चपला काढाल, आणि गाडीत बसाल.

क्लच दाबायचा तो उघड्या पायानं, हा तुमचा नेम. "बुटाला काय कळतंय? तळव्याला इचार की!" डोळे मिटून तुम्ही पेडल सावकाश सोडता, गाडी कुठं धरते ते पायानं ऐकता, आणि मी, आयटीआयचा कागद नुकताच हातात पडलेली तुमची शहाणी लेक, भिंतीला टेकून हसते. डॉक्टरांची तक्रार एकच असायची, जोरात पळवली की क्लच घसरतो. तुम्ही म्हणायचात, "घसरू द्या. गिअरच्या जुन्या दातांवर एवढी ताकद एकदम गेली की संपलं. क्लच प्लेट दुकानात मिळती, हे दात कुटं मिळत्यात?" मला वाटायचं, म्हातारा भितोय.

मग तुम्ही लग्नाला दोन दिवस जेऊरला गेलात. क्लच घसरू नये म्हणून मी कडक स्प्रिंगांची प्लेट आणली आणि बसवली. परत आलात ते थेट कामावर. दारात डॉक्टर उभे, घाईत. तुम्ही विचारलंत, "क्लच बघितलास?" मी म्हटलं, "व्हय, बघितला." बघितला होता आप्पा, बूट घालून. तुम्ही माझ्या शब्दावर किल्ली दिलीत. चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्यावर डॉक्टरांनी क्लच झटक्यात सोडला आणि दुसऱ्या गिअरचे दात गेले. गाडी दोरी बांधून आली. तुम्ही खाली बसून ऑइल काढलंत, तळहातावर लोखंडाचे तुकडे घेतलेत, एकदा माझ्याकडे बघितलंत. "कुणी केलं हे?" डॉक्टर ओरडले. तुम्ही म्हणालात, "मीच. माझी चूक झाली." आणि मी रॉकेलच्या ट्रेमध्ये हात घालून नट धूत राहिले. धुतलेलेच नट पुन्हा धूत होते.

दोन महिने टर्नरकडे खेटे घालून तुम्ही नवे दात कापून आणलेत, तुमच्या हिशेबाची मऊ प्लेट घातलीत. डॉक्टर गाडी घेऊन गेले ते परत फिरकलेच नाहीत. नंतर कितीतरी वर्षं, तसला आवाज बोळात आला की तुम्ही हातातलं काम ठेवून दारापर्यंत जायचात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं हो!

परवा गिअरबॉक्स उतरवला. डॉक्टर आता काठी घेऊन चालतात, स्टुलावर बसून बघत होते. तुमची प्लेट पार झिजून गेलेली. दात मात्र एकूण एक जागेवर. डॉक्टर म्हणाले, "माणूस मोठा होता गं. तेवढी एकच चूक केली त्यांनी."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. "त्यांनी नाही डॉक्टर. ते जेऊरला होते. ती कडक प्लेट मी घातली."

डॉक्टर काठीची मूठ चोळत म्हणाले, "आणि मी त्यांच्या मातीलासुद्धा आलो नाही." मला रडू कोसळलं. पान्हा हातात, ऑइलचे हात, डोळे कशानं पुसणार? त्यांनीच त्यांचा रुमाल पुढे केला. पार काळा झाला तो.

मऊच प्लेट घातली, तुमच्यासारखी. आज सकाळी किल्ली देण्याआधी बूट काढले, भोक पडलेले मोजेही काढले. पेडल गार होतं. डोळे मिटून सावकाश सोडत गेले, आणि अर्ध्यावर तळव्याला ती हलकी थरथर लागली. गाडी धरत होती. डॉक्टर बाहेर काठीवर टेकून उभे होते.

हे कागद तुमच्या पान्ह्यांच्या पेटीतच राहतील, दुसरीकडे कुठे पाठवणार? एवढंच कबूल करते, तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदाच मी क्लच उघड्या पायानं दाबला. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना मात्र सांगत आले, आपल्याकडे तशीच पद्धत आहे म्हणून.